किनाऱ्यावरच्या वाडीची चक्रीवादळाची तयारी: मे उजाडायच्या आत काय काय उरकावं?

खाडीमुख (प्रश्न)

दापोली तालुक्यातली समुद्राला लागून असलेली वाडी. साधारण दीडशे घरं, निम्म्याहून जास्त कौलारू, बाकीची पत्र्याची, वीसेक स्लॅबची. तीस-पस्तीस होड्या, त्यातल्या दहाएक मोठ्या. पिण्याचं पाणी दोन सार्वजनिक विहिरींचं. पुढच्या ग्रामसभेत वादळाच्या तयारीचा विषय घ्यायचा आहे. बॅटरी, मेणबत्त्या, चुरमुरे-फुटाणे ही यादी सगळ्यांना पाठ आहे, ती नको. छप्परं, होड्या आणि वादळानंतरचे पहिले दहा दिवस यांबद्दल नेमकं काय करायचं, किती मापाचं सामान लागतं आणि कुठे चुकतं ते हवं आहे. पैसे मोजकेच आहेत, त्यामुळे आधी काय तेही सांगा.

---

वासा-रीप

आधी वेळेचा हिशोब, कारण सगळी तयारी त्यावर ठरते. हवामान खात्याची पद्धत अशी: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी, किनारा ओलांडायच्या १२ तास आधी लाल. बंगालच्या उपसागरात वादळाला लांबचा प्रवास असतो, म्हणून तिकडे हे टप्पे बहुधा पुरे मिळतात. आपल्याकडे ते किनाऱ्याजवळच तयार होऊ शकतं. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी १ जून २०२० ला डिप्रेशन (कमी दाबाचं तीव्र क्षेत्र) झालं आणि ३ जूनच्या दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. अडीच दिवस. तेवढ्यात दीडशे छप्परं बांधून होत नाहीत. छपराचं काम एप्रिल संपायच्या आत.

आता छप्पर का उडतं ते. वारा छपरावर नुसता आदळत नाही, वरून ओढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी १२० किमी वारा धरला तर चौरस मीटरला साधारण ६८ किलो जोर येतो. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास. कौल फक्त आपल्या वजनावर रिपेवर (वाशांवरच्या आडव्या पट्टीवर) टेकलेलं असतं, म्हणून ते सुटतं. पत्र्याचं तर वजनच नाही: १० फूट बाय साडेतीन फूट पत्र्यावर दोनशे किलोच्या वर ओढ येते. म्हणून पत्र्यावर चिरे किंवा वाळूच्या पिशव्या ठेवून काही साधत नाही. दहा-दहा किलोचे चार चिरे पत्रा धरत नाहीत, उलट तेच उडून शेजारच्या घरावर जातात.

ओढ सगळीकडे सारखी नसते. पागोळीची कड, आढं (छपराचा माथा) आणि दुपाखी घराच्या दोन्ही बाजूंच्या कडा इथे ती सर्वांत जास्त असते. पैसे कमी असतील तर तिथेच घाला. पागोळीकडच्या आणि आढ्याजवळच्या दोन-दोन ओळी, बाजूच्या कडेची दोन-दोन कौलं तारेने रिपेला बांधायची. मंगलोरी कौलाला खालून त्यासाठी भोक असतं, बरेच लोक ते वापरतच नाहीत. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची. साधी जस्ती तार खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत खाल्ली जाते. आढ्यावरची कौलं सिमेंटात पक्की बसलेली हवीत.

पण कौल बांधलं आणि वासा मोकळा राहिला, तर अख्खं छप्पर एकत्र उचललं जातं. वासा भिंतीला धरून ठेवायला २५ बाय ३ मिमी जस्ती पट्टी वाशावरून वळवून भिंतीवर दोन फूट खाली आणायची आणि आरपार बोल्टने आवळायची, आतल्या बाजूला चार इंची पत्तीचा वायसर घालून. चिऱ्यात खिळा धरत नाही, दोन महिन्यांत ढिला होतो. एक सोडून एक वाशाला हे केलं तरी पुष्कळ.

पत्र्याला ८ मिमीचे जे-हुक (J आकाराचे बोल्ट), कडेला एक सोडून एक नाळीवर (पत्र्याच्या घडीवर), मध्ये दोन सोडून. बोल्टाखाली रुंद वायसर हवाच. पातळ पत्रा बोल्टासकट सुटत नाही, बोल्टाभोवती फाटून निघतो. पागोळी भिंतीच्या बाहेर दीड फुटापेक्षा जास्त नको. पडवीचं छप्पर मुख्य घराच्या वाशांना जोडू नका, त्याला आपले खांब आणि आपली आडवी तुळई द्या. पडवी आधी जाते. जोडलेली असली की घराचं छप्परही सोबत नेते.

वादळात हवा खेळती राहावी म्हणून वाऱ्याकडची खिडकी उघडी ठेवतात, तेही चूक. आत शिरलेला वारा खालून ढकलतो आणि वरची ओढ आहेच. सगळ्या खिडक्या बंद.

---

नांगरदोर

होड्यांचं लिहितो. दोन हंगाम वेगळे धरा. मासेमारी बंदी १ जूनला लागते, त्यामुळे जूनच्या वादळात होड्या बहुतेक वर शाकारलेल्या असतात. खरा धोका मे महिन्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा त्या पाण्यात असतात. तौक्ते वादळ २०२१ च्या मेच्या मध्यात आलं, फयान २००९ च्या नोव्हेंबरात. ग्रामसभेत हा विषय फक्त मेमध्ये घेऊ नका, सप्टेंबरातही घ्या.

बंदरावरचा बावटा (वादळाच्या इशाऱ्याचा क्रमांक) नीट वाचायला तांडेलांना (होडीच्या म्होरक्यांना) शिकवा. १ आणि २ म्हणजे वादळ लांब आहे. ३ आणि ४ म्हणजे बंदराला धोका संभवतो. ५ ते ७ धोका, ८ ते १० महाधोका, ११ म्हणजे संपर्क तुटला. आतली खूण अशी की ५ आणि ८ ला बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे येतं, ६ आणि ९ ला उजवीकडे, ७ आणि १० ला वादळ जवळून किंवा थेट वरून जातं. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून ईशान्येकडे येणाऱ्या वादळाच्या उजवीकडे वारा समुद्राकडून जमिनीवर येतो आणि पाणी चढवतो. ६, ७, ९ किंवा १० लागला की समुद्राकाठची पहिली रांग खाली करायची, चर्चा नको.

खोल समुद्रातल्या बोटींना वेळ लागतो. ६० सागरी मैलांवरून ७ नॉटने यायला साडेआठ तास, लाट समोरून असेल तर बारा. म्हणून पूर्वसूचनेलाच परत बोलवा, पिवळ्याची वाट पाहू नका. व्हीएचएफची (बोटीवरच्या बिनतारी संचाची) १६ क्रमांकाची वाहिनी किनाऱ्यावरून साधारण २०-२५ मैलच ऐकू जाते. पलीकडच्यांना निरोप द्यायला मधली एखादी बोट ठरवून ठेवा आणि कोण कुठे गेलंय याची वही जेट्टीवर ठेवा.

मोठ्या बोटी खाडीत आत न्यायच्या. जेट्टीला बांधलेल्या बोटी एकमेकींवर आपटून फुटतात. नांगराच्या दोराचं माप बहुतेक जण ओहोटीच्या पाण्यावर धरतात, तिथेच घात होतो. ओहोटीला ३ मीटर पाणी, भरतीचं ३, वादळाने चढलेलं १ आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची १, असे ८ मीटर. त्याच्या सातपट म्हणजे ५६ मीटर दोर सोडायचा. नुसत्या ३ मीटरवर मोजून २१ मीटर सोडला, तर भरतीला तो अडीचपटच उरतो. दोर उभा होतो, नांगर उचलला जातो. निसर्गनंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा होती, म्हणजे उधाणही जवळ आलेलं. तिथी पाहून माप धरा.

दोन नांगर, मधला कोन ४५ ते ६० अंश, प्रत्येकी पाच-सहा मीटर साखळी. दोर नायलॉनचा, तो ताणतो आणि झटका खातो. पॉलीप्रॉपिलीनचा पाण्यावर तरंगतो, उन्हाने चुरा होतो. दोर जिथे नाळेवर घासतो तिथे जुनी टायर-ट्यूब गुंडाळा. बहुतेक दोर गाठीत तुटत नाहीत, घासून तुटतात. बोटीवर कोणी थांबायचं नाही.

छोट्या फायबरच्या होड्या उधाणाच्या रेषेच्या वर ओढून, इंजिन उतरवून, दोन बाजूंनी बांधायच्या. माडाला बांधू नका, तो पडला तर होडीसकट.

---

खाडीमुख

मनापासून आभार. दोन शंका. माकडांसाठी पुष्कळ कौलांवर जाळी टाकलेली असते, तिचा उपयोग होतो का? आणि लोकांना शाळेत हलवायचं ठरवलं आहे, पण शाळेच्या दोन खोल्या पत्र्याच्या आहेत.

---

वासा-रीप

जाळीचा उपयोग होतो, पण ती वाशाला किंवा पागोळीला अडकवलेली असली तर नाही. दोन्ही बाजूंनी खाली आणून भिंतीतल्या कड्यांना किंवा जमिनीत गाडलेल्या दगडांना बांधायची. उन्हाने कडक झालेली जुनी जाळी झटक्याला तुटते, ती बदला.

पत्र्याच्या खोल्यांत कोणाला नेऊ नका. स्लॅबच्या खोल्या मोजा. मुक्काम लांबला तर माणशी साडेतीन चौरस मीटर जागा लागते, म्हणजे २० बाय २० फुटांच्या खोलीत दहा माणसं. दीडशे घरांतल्या लोकांना तेवढ्या खोल्या पुरणार नाहीत, म्हणून वाडीतल्या वीस स्लॅबच्या घरमालकांशी आत्ताच बोला आणि कुठलं घर कोणाकडे जाणार ते नावानिशी लिहून काढा. गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेली माणसं, डायलिसिसचे रुग्ण नारिंगी इशाऱ्यालाच दापोलीला हलवा. रस्ता नंतर उरत नाही.

आणि हे प्रत्येक घरात पोहोचवा: वादळाचा डोळा वरून गेला तर मध्येच वारा पडतो, ऊनही येतं. लोक कौलं गोळा करायला बाहेर येतात. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने येतो, आधी आग्नेयेकडून असेल तर आता वायव्येकडून. पहिल्या झटक्यात ढिलं झालेलं सगळं तेव्हा पडतं. अधिकृत सूचनेशिवाय बाहेर पडायचं नाही.

---

फेजवायर

वादळानंतरचे दहा दिवस. निसर्गनंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले, मोबाइलही बंद पडले. टॉवरची बॅटरी काही तासच चालते, पुढे डिझेल पोहोचवायला रस्ता हवा, आणि रस्त्यावर झाडं. म्हणजे पहिलं यंत्र झाडं कापायचं. १८ इंची पात्याचा चेनसॉ, तीन जादा चेन, गोल कानस, चेनचं तेल, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक तेल. मिश्रणाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकातलंच, अंदाजाने नाही. चार माणसं आधी शिकवून ठेवा. पडलेलं झाड एका बाजूने ताणलेलं असतं. आधी दबलेल्या बाजूने थोडा काप, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलंत तर बुंधा उसळून माणसाला लागतो.

तारेवर पडलेल्या झाडाला वीज मंडळाच्या माणसाशिवाय हात नको. 'लाइट गेलीय' म्हणजे तार मेलेली नसते. कोणी घरचं जनरेटर थेट बोर्डाला जोडलं की वीज उलटी तारांत जाते, ट्रान्सफॉर्मरमधून दाब वाढून जाते. चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) जनरेटर कोणी जोडायचं नाही, असा ठरावच करा. जनरेटर घरात किंवा पडवीत चालवू नका, त्याचा धूर कळायच्या आत माणूस मारतो.

जनरेटर घेणार असाल तर विहिरीचा पंप पाहून घ्या. १ एचपीची मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते, २ केव्हीएचं यंत्र तिथेच बसतं. ३ केव्हीए तरी हवं.

---

पाणवठा

विहिरींचं राहिलं. समुद्राचं पाणी किंवा गाळ आत गेला असेल तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून भागत नाही. गाळ क्लोरिन खाऊन टाकतो, आणि मीठ तर क्लोरिनने जातच नाही. आधी उपसा. पण एका दमात तळ गाठू नका. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते, आतला आधार गेला की बांधकाम ढासळतं. थोडं उपसा, भरू द्या, पुन्हा उपसा.

पाणी निवळलं की माप: हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर असेल तर सुमारे १४ हजार लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत खालीवर करायची. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन उरलंय का ते पाहायची चाचणी) घ्या. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा. उपशानंतर पहिले काही दिवस ही चाचणी रोज.

---

खाडीमुख

ग्रामपंचायतीत टीसीएलची मागच्या वर्षीची अर्धी पिशवी आहे. चालेल?

---

पाणवठा

त्यावर विसंबू नका. उघडी पिशवी दमट हवेत काही आठवड्यांत उतरते, पावडर दिसते तशीच पण क्लोरिन गेलेलं असतं. ३५ ग्रॅमच्या जागी किती लागेल ते मग सांगता येत नाही. एप्रिलअखेर नवी आणा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, पत्र्याच्या डब्यात नको, तो खाल्ला जातो. जनरेटरच्या पेट्रोलपासून वेगळ्या खोलीत ठेवा, दोन्ही एकत्र आली तर पेट घेतात.