मानेच्या वरच्या दोन मणक्यांना स्क्रू : छोट्या छेदाचं एवढं कौतुक कशाला?

शंकासुर :
हल्ली मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की पेशंटचा पहिला प्रश्न, छेद केवढा? कमरेचं ठीक आहे हो, पण सी१-सी२ म्हणजे कवटीच्या लगेच खालचे दोन मणके, मान डावीउजवीकडे वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं या एका जागी होतं, मधे मज्जारज्जू, बाजूने वळसे घेत मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल आर्टरी, आणि इथे सैल झालेला सांधा जखडायला छोट्या छेदात नळी घालून तिच्यातून स्क्रू मारायचे? कशासाठी, तर डाग छोटा दिसावा म्हणून! गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये प्लेट-स्क्रूची पद्धत मांडली, हार्म्स आणि मेल्चर यांनी २००१ मध्ये स्क्रू-रॉडची. सी१ च्या लॅटरल मासमध्ये, म्हणजे बाजूच्या जाड हाडात, स्क्रू, सी२ मध्ये स्क्रू, दोन्ही जोडले, झालं. उघडून, हाडाच्या खुणा नीट बघून करा की. चांगलं चाललंय ते का मोडायचं?

रात्रपाळी :
डाग गेला खड्ड्यात, मुद्दा स्नायूंचा आहे. ओपनमध्ये मधोमध उघडून सी२ च्या मागच्या काट्याला चिकटलेले स्नायू सोडवावे लागतात आणि मान ताठ धरायला नेमके तेच लागतात. नंतर शिवतात, पण पहिल्यासारखे होतीलच असं नाही. मग एक्सरे झकास असतो, स्क्रू जागेवर असतात आणि पेशंट म्हणतो डॉक्टर मान दुखते, डोकं जड वाटतं. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या धाग्यांमधून वाट काढत गेलं तर ते हाडावरून सुटतच नाहीत, रक्तही कमी जातं. आणि 'बघून करा' म्हणजे काय बघणार? सी२ मध्ये आर्टरी हाडाच्या आत असते, ओपनमध्येही दिसत नाही. ती कुठून जाते ते आधीच सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, बघायचं असतं.

शंकासुर :
बरं, नाही दिसत. पण लागली तर? आणि आर्टरी सोडा, सी२ नर्व्हभोवती शिरांचं जाळं असतं ते एकदा वाहायला लागलं की ओपनमध्येही नाकी नऊ येतात, तुम्ही नळीच्या तळाशी काय करणार?

रात्रपाळी :
शिरांना दाब आणि रक्त थांबवणारं मटेरियल, दोन्हीकडे तेच, फक्त नळीत हात आखडतो हे खरं. आर्टरी लागली तर बहुतेक वेळा त्याच भोकात स्क्रू बसवून किंवा हाडातलं रक्त थांबवणारं मेण (बोन वॅक्स) लावून थांबवतात आणि दुसऱ्या बाजूला धोक्याचा स्क्रू टाकायचा नाही, दोन्ही आर्टरी जाणं परवडत नाही. हे ओपनलाही लागू.

ओटीतली_सावली :
मशीनवाल्यांच्या वतीने दोन शब्द. नेव्हिगेशन, म्हणजे स्कॅनवरून स्क्रूची वाट स्क्रीनवर दाखवणारं मशीन, आहे म्हणून सगळं सेफ असं जे सांगतात ना, त्यांना विचारा स्कॅन कधीचा? आधीचा सीटी पेशंट उताणा असताना काढलेला, ऑपरेशन पालथं घालून, आणि मुळात हा सांधा ढिला आहे म्हणूनच ऑपरेशन, म्हणजे सी१ ची सी२ वरची जागा बदललेली असू शकते. म्हणून पालथं घातल्यावर टेबलावरच नवा स्कॅन लागतो, तो नसेल तर स्क्रीनवरचं सुंदर चित्र खोटं बोलू शकतं. फक्त एक्सरेवर केलं तर रेडिएशन वाढतं, शिशाचं एप्रन घालून तासन्‌तास उभं आम्हालाच राहावं लागतं!

टाचणी :
तुम्ही सगळे स्क्रूवरच अडकलात. मणके बांधून ठेवणारं लिगामेंट गेलंय, संधिवाताने सांधा सैल झालाय अशा केसमध्ये स्क्रू फक्त हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो. जुळलंच नाही तर आज ना उद्या स्क्रू सैल होणार नाहीतर तुटणार. हाड जुळायला पृष्ठभाग खरवडून मधे हाडाचा तुकडा (ग्राफ्ट) घालावा लागतो आणि त्वचेतून नुसते स्क्रू सरकवले तर ते करायला जागा कुठे? माझा विरोध इथे आहे, छेदाला नाही.

ओडोन्टॉइडचं, म्हणजे सी२ वरच्या दातासारख्या सुळक्याचं, ताजं फ्रॅक्चर मात्र वेगळं प्रकरण. बोलर यांनी १९८२ मध्ये लिहिलेला पुढून स्क्रू घ्या, छोट्या छेदातून तुटलेला तुकडा खालच्या हाडाला जोडायचा, सी१-सी२ जखडायचंच नाही, मान वळणं शाबूत. पण त्या सुळक्याला जागेवर धरणारं ट्रान्सव्हर्स लिगामेंट धड हवं, फ्रॅक्चरची रेघ योग्य दिशेची हवी, हाड ठिसूळ नको. छाती फार पुढे आलेली असेल तर स्क्रूचा कोनच मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांना नंतर गिळायला त्रास होतो तो वेगळाच.

रात्रपाळी :
टाचणी, नळी थोडी रुंद घेतली की सांधा दिसतो, खरवडता येतो, ग्राफ्टही घालता येतो. त्वचेतून सुईसारखा स्क्रू आणि नळीतून बघून केलेलं काम एका पारड्यात नका टाकू.

टाचणी :
रुंद नळी, वेळ जास्त, शिकायला अवघड. मग सरसकट सगळ्यांना 'उद्या चालायला लागाल' सांगू नका म्हणजे झालं.

शंकासुर :
आणि हे शिकताना सुरुवातीचे पेशंट कोण असतात, तेही सांगा.

रात्रपाळी :
ज्याचा ओपनवर हात बसलेला नाही त्याने नळी हातात घेऊच नये, हे माझंही मत. आत अडकलं तर ओपनच करावं लागतं. संमतीपत्रावर ते लिहिलेलं नसेल तर सही करू नका.