दोन दिवस, एक बेट आणि सोबतीला जिवाभावाचे माणूस : अनुभव धागा

शनिवार-रविवारला एखादी रजा जोडायची आणि जुन्या मैत्रिणीला किंवा मित्राला घेऊन समुद्रापलीकडच्या बेटावर जाऊन यायचे, असा बेत आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी केला असेल. डोंगरावर किंवा शहरात गेलो तर मनात आले की निघता येते. बेटावरून निघण्याची वेळ मात्र बोट, वारा आणि भरती-ओहोटी ठरवतात, आणि तोवर सोबतच्या माणसाला टाळायला जागाही नसते. म्हणून हे दोन दिवस मैत्रीची खरी ओळख करून देतात, असे मला मनापासून वाटते. इथे लिहिताना केवळ पाहिलेल्या ठिकाणांची यादी देऊ नये. कोणासोबत गेलात, काय जमले, काय बिनसले, तेही सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

चेन्नईहून (धाग्याची सुरुवात)

माझी महाविद्यालयातली मैत्रीण मूळची हर्णैची, आता पुण्यात असते. तिची आई गेल्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत आमचे फोनवरचे बोलणे दोन-चार वाक्यांपुढे सरकत नव्हते, म्हणून मी फेब्रुवारीत दोघींची अंदमानची तिकिटे काढली आणि मगच तिला कळवले. चेन्नईहून श्रीविजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, विमानाने साधारण सव्वादोन तासांत पोहोचता येते. शुक्रवारी सकाळी निघालो, दुपारची बोट धरली आणि दोन तासांनी शहीद द्वीपच्या जेट्टीवर उतरलो. डिसेंबर 2018 मध्ये हे नाव मिळण्यापूर्वी हे बेट नील म्हणून ओळखले जाई, आणि आम्हाला भेटलेले सगळे अजून नीलच म्हणत होते. शेजारचे हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, अधिक प्रसिद्ध आहे. पण दोनच दिवस हाती असतील तर दोन्ही बेटांच्या मागे लागू नये, एकच निवडावे आणि तिथे स्वस्थ राहावे.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना सरकारने या बेटावर जमिनी दिल्या. किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी आहेत आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीचे मळे आहेत, कारण अंदमानातला बराचसा भाजीपाला इथूनच जातो. आम्ही एक स्कूटर भाड्याने घेतली आणि तासाभरात बेटाचे एक टोक सोडून दुसरे गाठले.

शनिवारी आम्हाला लक्ष्मणपूरच्या पलीकडची नैसर्गिक दगडी कमान पाहायची होती, आणि तिथे ओहोटीलाच जाता येते. मैत्रिणीने बोटांवर हिशेब केला. कोकणात तिथीची पाऊणपट काढली की भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी त्रयोदशी होती, म्हणजे पावणेदहाला भरती आणि चारच्या सुमारास ओहोटी. तिने हे इतक्या खात्रीने सांगितले की मी दुपारी झोपायच्या तयारीत होते. स्कूटरवाल्या काकांनी मात्र मान हलवली आणि “दोनच्या आत पोहोचा, चारला पाणी परत चढलेलं असेल” असे हिंदीत बजावले. प्रत्येक किनाऱ्याचे भरतीचे गणित निराळे असते, हे दोघींनाही तिथे पहिल्यांदा नीट कळले.

आम्ही दोनला तिथे होतो. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या प्रवाळाच्या कातळावर ठिकठिकाणी डबकी साचतात आणि पाय घसरू नये म्हणून रबरी तळव्याचे बूट लागतात. एका डबक्यात दगडात रुतलेला मोठा शिंपला होता. त्याची कड नागमोडी होती आणि उघड्या फटीतून आतले निळे-जांभळे मांस मखमलीसारखे दिसत होते. मैत्रीण वाकली, तिची सावली पाण्यावर पडली आणि शिंपला हळूच मिटला. ती मागे सरकली, तो उघडला. तिने हे तीन-चार वेळा केले आणि मग तिथेच उकिडवी बसून आईबद्दल बोलू लागली. तिची आई ओहोटीला हातात कोयती घेऊन खडकावरची कालवे काढायला जाई, आणि ती पाऊणपटीची युक्तीही आईनेच तिला शाळेत जाण्याआधी शिकवली होती. “मला ते गणित चुकलेलं आवडलं नाही गं,” ती म्हणाली. पाणी घोट्यापर्यंत येईस्तोवर आम्ही तिथून उठलो नाही. तिथले शिंपले आणि मेलेले प्रवाळसुद्धा उचलण्यास बंदी आहे आणि ती सर्वांनी पाळावी. तिने हातात घेतलेला रिकामा शिंपलाही जिथे होता तिथेच ठेवला.

आता बिनसलेले सांगते. रविवारी सकाळची आमची बोट ऐन वेळी रद्द झाली, पुढची दुपारी मिळाली, आणि एक वाजताचे विमान चुकले. सोमवारच्या नव्या तिकिटांना आधीच्या सगळ्या सहलीपेक्षा जास्त पैसे लागले. तिला सोमवारी पुण्यात हजर राहणे आवश्यक होते आणि बोटीच्या दोन तासांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचा राग रास्तच होता, कारण विमानाच्या आदल्या रात्री श्रीविजयपुरमला मुक्कामाला यावे, असे तिने सुरुवातीलाच सुचवले होते आणि मी ते मानले नव्हते. हा मुक्काम कोणीही टाळू नये. मैत्री शाबूत आहे. पुढच्या मार्गशीर्षात आम्ही हर्णैला जाणार आहोत.

सिंगापूरहून

मी मूळचा सांगलीचा. माझा शाळासोबती तिथेच एका शाळेत मराठी शिकवतो. तो मागच्या वर्षी माझ्याकडे आला तेव्हा आम्ही शनिवार-रविवार इंडोनेशियातल्या बिंतान बेटावर घालवले. बहुतेक पर्यटक बिंतानच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हॉटेलांत उतरतात. आम्ही मात्र तानाह मेरा धक्क्यावरून दक्षिणेकडच्या तांजुंग पिनांग गावाची बोट घेतली, आणि तिथून ‘पोंपोंग’ नावाच्या लहान लाकडी होडीने पंधरा मिनिटांत पन्यंगात या चिमुकल्या बेटावर गेलो.

या बेटावर एक पिवळी मशीद आहे. तिच्या बांधकामात चुन्यात अंड्यांचा पांढरा बलक मिसळला होता, असे तिथे सांगतात. माझ्या मित्राला मात्र राजा अली हाजी यांची कबर पाहायची होती. 19व्या शतकात या विद्वानाने मलय भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश यांचे काम इथे बसून केले, आणि आजच्या इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेचा पाया त्याच मलय भाषेचा आहे. मित्र कबरीसमोर बराच वेळ उभा राहिला. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 मधले, म्हणजे त्याच शतकातले. आपण वर्गात त्यांचे नाव एका वाक्यात संपवतो आणि इथे नारळीच्या सावलीत लोक व्याकरणकाराच्या कबरीवर फुले वाहतात, याचे त्याला वाईट वाटले. होडीवाल्याने ‘भाषा’ या अर्थी ‘बहासा’ म्हटले तेव्हा त्याने माझा दंड घट्ट धरला होता, हे मला अजून आठवते.

बिंतानचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते. मी मनगटावरचे घड्याळ बदललेच नव्हते, त्यामुळे परतीच्या बोटीसाठी आम्ही धावतपळत धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटीला अजून सव्वा तास होता. त्या सव्वा तासात त्याने मला सांगितले की तो नोकरी सोडण्याच्या विचारात आहे. दोन दिवस आम्ही पाहण्याच्या घाईत होतो, म्हणून हे राहून गेले होते. त्याने नोकरी सोडली नाही, पण त्या संध्याकाळी त्याला सल्ला नको होता, ऐकणारा हवा होता, आणि मी ऐकले.

नागपूरहून

वर शहीद द्वीपबद्दल वाचले, म्हणून स्वराज द्वीपचा एक मुद्दा जोडतो. आम्ही दोघे वसतिगृहातले मित्र, दोघांनाही पोहता येत नाही, तरीही प्रशिक्षकाबरोबर समुद्रतळाशी जाणारी स्कूबाची बुडी घेतली. प्रत्येकासोबत स्वतंत्र प्रशिक्षक असतो. खाली जाताना नाक चिमटीत धरून हवा फुंकावी लागते, म्हणजे कानांवरचा दाब सुटतो. मित्राचा एक कान मोकळा होईना, तीन-चार मीटरवर त्याने हाताची खूण केली आणि त्याला वर नेण्यात आले. मी मात्र खालीच राहिलो. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा करकर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो, हे मी वर आल्यावर त्याला सांगितले, आणि सांगताना मला अपराधी वाटत होते. तो म्हणाला, “माझ्यामुळे तू वर आला असतास तर मला जास्त लागलं असतं.” सुट्टी दोन दिवसांचीच असेल तर बुडी पहिल्या दिवशी घ्यावी, कारण बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी अठरा तास तरी जाऊ द्यावेत. सर्दी असेल तर बुडी घेऊच नये.

पणजीहून

बेटासाठी विमानच हवे असे नाही. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, दोघी निवृत्त, गेल्या पावसाळ्यात जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर दोन दिवस राहून आलो. पायी जाणाऱ्यांना या फेरीला तिकीट नाही. पलीकडे उतरले की शेतांच्या मधून जाणारा सरळ रस्ता, दोन्ही अंगांना पाणी आणि बगळे, आणि समोर टेकडीवर चर्च दिसते.

आम्ही खाजन शेताचा, म्हणजे भरतीचे खारे पाणी अडवून राखलेल्या सखल शेताचा, बांध पाहायला गेलो. बांधात ‘मानस’ असते, म्हणजे पाण्याची लाकडी दारे. भरतीचे खारे पाणी चढले की त्याच्याच रेट्याने ती बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या भाराने आपोआप उघडतात; माणसाचा हात लागत नाही. मैत्रिणीने छत्री मिटून बांधावर बैठक मारली आणि दारे उघडेपर्यंत मला हलू दिले नाही. आम्ही भिजलो, दोघींनाही पुढे आठवडाभर खोकला होता, पण दारे कुरकुरत फाकली आणि पाणी बाहेर धावले, ते पाहिल्याचा आनंद मोठा होता.

श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी नेला आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. माझ्या मैत्रिणीचे ते कुलदैवत असून ती दर वर्षी नार्व्याला जाते, पण मूळ जागी तिचे पाऊल साठाव्या वर्षी प्रथमच पडले. तिने तिथे काही मागितले नाही, फक्त चपला काढून उभी राहिली. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव भरतो. तेव्हा गर्दी फार असते, शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळावा.

मॉरिशसहून

मी रत्नागिरीचा, कामानिमित्त दोन वर्षे इथे आहे. माझा इथला मित्र मराठी वंशाचा आहे. 1834 नंतर करारबद्ध मजूर इथे येऊ लागले, त्यांतल्या मराठी कुटुंबांपैकी बरीच आपल्या कोकणातली होती. घरी तो क्रिओल बोलतो, मराठी त्याला तुटक येते, पण गणेश चतुर्थीला इथे राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्या दिवशी त्याच्या गावात ‘झाकरी’ नाचतात. तिचे आमच्या जाखडीशी असलेले नाते पाहताक्षणी ओळखू येते.

एका शनिवारी आम्ही नैऋत्य किनाऱ्यावरच्या ला गोलेत गावातून होडीने इल ओ बेनितिए या बेटावर गेलो. समोर ल मोर्नचा डोंगर होता. पळून आलेल्या गुलामांनी त्याच्या कड्याकपारींत आसरा घेतला होता आणि 2008 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. सुरूच्या झाडांखाली जेवून झाल्यावर मित्राने मला अचानक विचारले की लहानपणापासून म्हणत आलेल्या गणपतीच्या आरतीतल्या एका शब्दाचा अर्थ काय. मला तो सांगता आला नाही. ती आरती मीही जन्मभर म्हणत आलो आहे, आणि माझी शाळा तर मराठी. किनाऱ्यावर परतल्यावर मी रत्नागिरीला आईला फोन लावला. तिने अर्थ सांगितला, मग संपूर्ण आरती सावकाश म्हणून दाखवली, आणि तो होडीच्या काठावर बसून आपल्या वहीत रोमन अक्षरांत एकेक शब्द उतरवून घेत राहिला.