एमएस्सी भाग २ ची पूर्ण फी मागायलेत, लॅब मार्चपासून बंद आहे. फी कमी करायचा अर्ज कसा लिहायचा?

टॉवेलवाल्याची लेक | १९ नोव्हेंबर २०२०

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात एमएस्सी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, अजून तिथंच शिकायचंय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नोटीस आली की ३० नोव्हेंबरपर्यंत भाग २ ची संपूर्ण फी भरावी, नाहीतर सेमिस्टर ३ चा परीक्षा अर्ज घेतला जाणार नाही. रक्कम २८,००० रुपये. गेल्या वर्षी होती तेवढीच.

गेल्या वर्षीची पावती समोर ठेवून लिहितेय. ट्यूशन १८,०००, प्रयोगशाळा ६,०००, विकास निधी १,५००, ग्रंथालय १,०००, संगणक व इंटरनेट ८००, जिमखाना ५००, ओळखपत्र आणि वार्षिक अंक २००. यातलं या वर्षी मला नक्की काय मिळणार आहे? लायब्ररीतून मार्चपासून एक पुस्तक मिळालेलं नाही. इंटरनेटचा रिचार्ज मी मारतेय, कॉलेज नाही.

लॅबचं सांगते. मार्चच्या मध्यात कोरोनामुळे कॉलेज बंद झालं तेव्हा आमचं टर्नरी मिक्श्चर चालू होतं. तीन पदार्थ एकत्र करून देतात, ते वेगळे करायचे, शुद्ध करायचे, ओळखायचे. माझे दोन निघाले होते. तिसरा वॉच ग्लासवर सुकायला ठेवला, चिठ्ठीवर रोल नंबर लिहिला आणि कपाटात सरकवून घरी आले. त्याचा मेल्टिंग पॉइंट अजून घ्यायचाय. आता प्रॅक्टिकल म्हणजे सर व्हिडिओ पाठवतात आणि आम्ही निरीक्षणं जर्नलमध्ये उतरवून काढतो. दुसऱ्याने केलेल्या रिअ‍ॅक्शनची यील्ड, म्हणजे पदार्थ किती तयार झाला ते, मी माझ्या वहीत लिहायची, हे मला फार लागतंय. उद्या कुठल्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेले आणि कॉलम (पदार्थ वेगळे करायची काचेची नळी) चालवून दाखव म्हणाले तर काय करू?

घरचं थोडक्यात. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. मार्चअखेरीला कारखाना बंद पडला, जूनमध्ये सुरू झाला, जुलैत १६ ते २६ शहर पुन्हा कडक बंद झालं. दोन पाळ्या होत्या, आता एकच चालते. आई बिड्या वळते. पान-तंबाखू देणारी विडी कारखान्याची ब्रँच बंद होती तेव्हा तिचं बिड्या वळायचं सूप भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं आणि तिचे हात नुसते मांडीवर. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आता पान-तंबाखू पुन्हा मिळायला लागलीय, पण आधीएवढी नाही. फोन एक आहे आणि भाऊ बारावीला आहे. त्याचा तास असला की माझा बुडतो. मागच्या वर्षीची स्कॉलरशिप सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अजून ‘अंडर स्क्रूटिनी’च दाखवतेय.

आमच्या वर्गात २६ जण आहेत, बहुतेकांचं असंच आहे. अर्ज करायचा ठरलंय. तो कुणाच्या नावाने करायचा? कुठल्या बाबींची सूट मागता येते? ट्यूशन फी कमी करा म्हणणं रास्त आहे का? एक गोष्ट आधीच लिहिते, शिकवणाऱ्यांचा पगार कापून मला सवलत नको.

---

बोरीकाठचा | १९ नोव्हेंबर २०२०

ताई, मी अक्कलकोट तालुक्यातला, एमकॉमला आहे. आमच्याकडं लॅब नाही, म्हणून तुझ्यासारखी बाजू मला मांडता येत नाही. पण १४ ऑक्टोबरच्या पावसात बोरीचं पाणी रानात शिरलं. तूर उभ्या जागी सडली, काढून ठेवलेलं सोयाबीन भिजून काळं पडलं. पंचनामा झालाय, पैसे यायचेत. मी कॉलेजात जाऊन हात जोडले तर म्हणाले, अर्धी आत्ता भर, अर्धी जानेवारीत. लेखी मात्र काहीच दिलं नाही. तुम्ही जे काही घ्याल ते लेखी घ्या.

---

एक पालक, होटगी रोड | २० नोव्हेंबर २०२०

मुलांची अडचण कळते. पण इमारतीचा कर, विजेचं किमान बिल, शिपाई-क्लार्कचे पगार थांबलेले नाहीत. विनाअनुदानित तुकडीला सरकार एक पैसा देत नाही. सगळ्यांची फी कमी केली तर पुढच्या वर्षी तो कोर्सच बंद होईल. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच सवलत द्यावी असं माझं मत आहे. माझा मुलगाही पीजीला आहे, मी पूर्ण फी भरली.

---

तासिकावाली | २० नोव्हेंबर २०२०

वरच्या पालकांना मान देऊन लिहिते. मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पीजीला तासिका तत्त्वावर शिकवते. नेट परीक्षा पास झालेय, हे शिकवण्याचं सातवं वर्ष. आमचं मानधन या फीमधूनच निघतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण पूर्ण फी घेतली म्हणजे ती आमच्यापर्यंत येते असं समजू नका. मार्चपासून ऑगस्टपर्यंत मला एक रुपया मिळाला नाही. तास झाले नाहीत तर तासिका नाही, असा हिशोब सांगितला. सप्टेंबरपासून ऑनलाइन घेते त्याचं बिल भरून दिलंय, पैसे अजून नाहीत. म्हणजे विद्यार्थ्यांकडून वर्षाचे पूर्ण घ्यायचे आणि आम्हाला मोजून अर्धे द्यायचे.

म्हणून लेकी, ट्यूशन फीचं जपून माग. ‘ट्यूशन फी माफ करा’ असं लिहू नकोस. ‘ट्यूशन फी हप्त्याने घ्या, आणि प्रत्यक्ष जेवढे तास झाले तेवढ्यांचं मानधन शिक्षकांना दिलंत का ते सांगा’, असं लिही. लॅबच्या ६,००० चं मात्र स्पष्ट माग. रसायनं विकत घेतली नाहीत, गॅस जळला नाही, काच फुटली नाही, मग तो पैसा कशाचा? कॉलेज उघडून जानेवारी-फेब्रुवारीत खरंच प्रॅक्टिकल घेतली तर तेव्हा घ्या म्हणावं. आणि ती घ्याच, असंही अर्जात लिही. फी कमी केली आणि प्रॅक्टिकल कायमची बुडाली तर नुकसान तुझंच होईल. प्रोजेक्ट कागदावर पूर्ण झालेली मुलं मी ओळखते, त्यांना ब्युरेट (द्रव मोजून सोडायची नळी) धरता येत नाही. त्यात त्यांची काही चूक नाही.

---

निवृत्त हेडक्लार्क | २१ नोव्हेंबर २०२०

मी एका अनुदानित कॉलेजच्या फी काउंटरवर बरीच वर्षं काढली. माझ्या अनुभवातून सांगतो.

पावतीवरच्या सगळ्या बाबी सारख्या नसतात. परीक्षा शुल्क, पात्रता, अश्वमेध (विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाचं शुल्क), ई-सुविधा यातलं पुष्कळ विद्यापीठाकडं जातं, ते प्राचार्यांच्या हातात नाही. प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, संगणक, वार्षिक अंक या बाबी कॉलेजच्या हातातल्या आहेत. तेव्हा भांडण इथं करा. ताईंच्या पावतीप्रमाणे हे सगळं मिळून ८,५०० होतं (ओळखपत्राचे धरून). ‘फी कमी करा’ असा मोघम अर्ज आला की आम्ही ‘शासन निर्णय नाही’ एवढा शेरा मारून फाइल बंद करायचो. खरं सांगायचं तर तेच सोपं असायचं. बाबनिहाय अर्ज आला की उत्तरही बाबनिहाय द्यावं लागतं.

मे २०२० मध्ये युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना पत्र पाठवलं होतं की फीच्या बाबतीत सहानुभूतीने विचार करावा, विद्यार्थ्यांना पैसे भरण्याचे वेगळे पर्याय द्यावेत. ते पत्र युजीसीच्या संकेतस्थळावर आहे, छापून अर्जाला जोडा. त्यात सक्ती नाही, पण हप्ते नाकारताना कॉलेजला कारण द्यावं लागेल. ८ मेचा राज्य सरकारचा फीवाढीबाबतचा निर्णय शाळांचा आहे, तो जोडू नका, त्याच्या आधारावर तुमचा अर्ज फेटाळतील.

सेमिस्टर २ चं परीक्षा शुल्क तुम्ही भरलेलं असणार. ती परीक्षा झालीच नाही, निम्मे गुण अंतर्गत आणि निम्मे आधीच्या सेमिस्टरवरून दिले. ते शुल्क पुढच्या परीक्षेत वळतं करा असा वेगळा अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडं करा, प्राचार्यांमार्फत. एकाच कागदावर दोन्ही मागण्या लिहिल्या की कागद कॉलेज आणि केगावच्या विद्यापीठाच्या मधे लटकतो.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने, प्रत महाविद्यालय विकास समितीच्या अध्यक्षांना. या समितीपुढं विषय गेला की तो इतिवृत्तात येतो, मग तोंडी उडवून लावता येत नाही. युजीसीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीही असायला हवी, एक प्रत तिलाही द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. क्लार्क म्हणेल ‘ठेवून जा’. ठेवून येऊ नका.

तरीही उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहे. अनुदानित कॉलेज त्यात येतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एवढंच विचारा: १ एप्रिल २०२० पासून प्रयोगशाळा या बाबीखाली किती जमा, किती खर्च. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि सगळ्यांनी सह्या करा. एकट्याचा अर्ज मी स्वतः ड्रॉवरमध्ये पडलेला पाहिलाय. आज त्याचं वाईट वाटतं.

---

टॉवेलवाल्याची लेक | २१ नोव्हेंबर २०२०

काका, मॅडम, दोघांचे खूप आभार. मॅडम, तुमच्या सहा महिन्यांच्या न मिळालेल्या पगाराचं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग तुमच्या अर्जात मॅडमचंही लिहा. लिहितेय.

पालक काका, फक्त गरजूंना द्या म्हणता ते मला पटलं नाही. जी लॅब उघडलीच नाही तिचे पैसे श्रीमंताच्या मुलानेही का भरावेत? गरज सिद्ध करायला तहसीलदाराचा दाखला आणा म्हणतील, आणि त्या दाखल्यासाठी वडिलांचा दिवस मोडेल. एका पाळीतला एक दिवस.

---

टॉवेलवाल्याची लेक | २५ नोव्हेंबर २०२०

काय झालं ते कळवते. अर्ज दिला. २६ पैकी २३ सह्या झाल्या. दोघं पुण्यात आहेत, त्यांनी सही फोटोवर पाठवली तर ती चालत नाही म्हणाले. एकीने घरच्यांच्या भीतीने केली नाही, तिला आम्ही काही म्हटलं नाही.

काउंटरवर ‘ठेवून जा’ म्हणालेच. आम्ही पाच जणी मास्क लावून उभ्या राहिलो, अंतर ठेवून. पाऊण तासाने शिक्का मिळाला. मग प्राचार्यांनी दोघींना आत बोलावलं. जिमखाना, वार्षिक अंक आणि इंटरनेटचे पैसे या वर्षी घेणार नाही असं तिथंच म्हणाले, ते आम्ही अर्जाच्या प्रतीवर लिहून घेतलं. त्यांनी सही केली, हे मी विसरणार नाही. ट्यूशन फी तीन हप्त्यांत, पहिला ६,००० चा, ३० तारखेच्या आत. लॅब, लायब्ररी आणि तासिका शिक्षकांच्या मानधनाचा विषय विकास समितीपुढं ठेवू म्हणाले, बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. परीक्षा शुल्काचा अर्ज वेगळा दिला, तो केगावला गेलाय.

निघताना मी लॅबच्या कपाटाचं विचारलं. लॅब असिस्टंट दादा चावी घेऊन आले. वॉच ग्लास जागेवर होता, चिठ्ठीही होती, पण पावडर ओल धरून काचेला चिकटली होती. त्यांनी ती टाकली नाही, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवली.

इथं सोलापूर, बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा कुठलेही पीजीचे विद्यार्थी वाचत असतील तर तुमच्या या वर्षीच्या पावतीवर प्रयोगशाळेचे किती घेतलेत तेवढं लिहा. कॉलेजचं नाव नको. बैठकीच्या आधी आकडे हातात हवेत.

---

बोरीकाठचा | २५ नोव्हेंबर २०२०

माझ्या बहिणीची एमएस्सी बॉटनीची पावती आहे. प्रयोगशाळा ४,५००, पूर्ण घेतलेत, ऑक्टोबरमध्ये. फोटोत नाव झाकून टाकतो. तुमच्या अर्जाचा मजकूर पण इथं टाक ताई, तिच्या वर्गात उद्याच सह्या घ्यायला लावतो.