मदत हवी आहे: डिस्चार्ज बुकात शांता, आधारवर वैशाली, फॅमिली पेन्शन कशी लावायची?

प्रश्न
सातारा जिल्ह्यातलं प्रकरण. मराठा लाइट इन्फंट्रीचे निवृत्त हवालदार, वय ५१, गेल्या महिन्यात वारले. पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली) होती. डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) आणि पीपीओत (पेन्शन मंजुरीचा आदेश) पत्नीचं नाव माहेरचं, 'शांता'. सासरी नाव बदललं, त्यामुळे आधार, पॅन, पासबुक सगळीकडे 'वैशाली'. मुलगी बारावीला ७१ टक्के मिळवून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, मुलगा नववीत. आधी नाव दुरुस्त करायचं की मृत्यू कळवायचा? मुलांसाठी काय मिळेल?

प्रतिसाद १
मृत्यू आजच कळवा, नावासाठी थांबू नका. दाखला घेऊन स्पर्श सेवा केंद्र गाठा. एटीएम कार्ड कपाटात ठेवा. मृत्यूच्या तारखेनंतरची पेन्शन खात्यात आली असेल तर ती परत जाते. दिवसकार्याच्या खर्चाला ती काढली गेली असेल, तर पुढे ताईंच्या पेन्शनमधून कापतात. फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, त्यामुळे दुरुस्तीला वेळ लागला तरी थकबाकी बुडत नाही.

नावाची दुरुस्ती बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच पाठवा. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन यांच्या प्रती, प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, एक मराठी, एक इंग्रजी. कात्रण नको, तारीख दिसेल असं अख्खं पान जोडा.

गाडी अडते ती प्रतिज्ञापत्रावर. टंकलेखक ठरलेला मजकूर देतो, 'लग्नानंतर माझे नाव वैशाली झाले'. एवढ्यानं भागत नाही. 'शांता आणि वैशाली ही एकच व्यक्ती' हे स्पष्ट हवं, आणि प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसं, अक्षर न अक्षर: पुढे 'बाई' आहे का, मधलं नाव वडिलांचं की पतीचं. जन्मतारीखही ताडून पाहा. ती वेगळी असेल तर याच प्रतिज्ञापत्रात घ्या, नाहीतर सगळा फेरा पुन्हा.

प्रतिसाद २
पेन्शनच्या दराकडेही लक्ष ठेवा. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पण सुरुवातीला वाढीव दर असतो, ५० टक्के, मात्र हवालदारांच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. तो सात वर्षं, किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते तोवर, यातलं आधी येईल ते. इथे पूर्ण सात वर्षं मिळायला हवीत. नव्या पीपीओत दोन्ही दर आणि तारखा तपासा.

मुलीसाठी प्रधानमंत्री शिष्यवृत्ती: मुलींना महिना ३,००० रुपये. बारावीला ६० टक्के लागतात, ते आहेत. पहिल्या वर्षीच अर्ज करा, दुसऱ्या वर्षी नव्याने घेत नाहीत. बँक खातं मुलीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. मुलासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक अनुदान: हवालदार हुद्द्यापर्यंत, दोन मुलांना. १ नोव्हेंबर २०२५ पासून ते दरमहा १,००० वरून २,००० रुपये झालंय.

धागाकर्ता
आत्ताच पाहिलं, डिस्चार्ज बुकात मुलाचं नावच नाही!

प्रतिसाद १
म्हणजे जन्माची पार्ट टू ऑर्डर (कुटुंबातल्या बदलाची लष्करी दप्तरातली नोंद) निघालेली नाही. नोंद झाल्याशिवाय अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही. त्याचा जन्मदाखला आणि वेगळा अर्ज नावदुरुस्तीच्याच पाकिटात घाला. तालुक्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक कोणत्या वारी येतात ते विचारून घ्या आणि पाकीट बंद करण्याआधी सगळे कागद त्यांना दाखवा. मूळ डिस्चार्ज बुक मागितल्याशिवाय पोस्टानं पाठवू नका.