आई-बाबांना रविवारी पबमध्ये जेवायला न्यायचे आहे: काय मागवावे?

प्रश्न (इंग्लंडमधल्या लीड्सहून)
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. इथले रविवारचे रोस्ट (भाजलेले मांस, बटाटे आणि भाज्या यांचे जेवण) आणि त्यानंतरचे गरम पुडिंग त्यांनी एकदा तरी निवांत बसून खावे, म्हणून मुलांसह सगळ्यांनी गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या पबमध्ये जावे अशी माझी फार इच्छा आहे. आई शाकाहारी असून अंडेही खात नाही. बाबा मासे आणि कोंबडी खातात, पण गोमांस त्यांना वर्ज्य आहे. शिवाय पब म्हणजे दारूचा गुत्ता, अशी आईची समजूत आहे. काय मागवावे आणि काय टाळावे?

प्रतिसाद (शेफिल्डहून)
आईंची समजूत तिथे पोहोचताच दूर होईल. रविवारी दुपारी अशा पबमध्ये आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच टेबलाभोवती जेवताना दिसतात. टेबल मात्र आधी राखून ठेवा.

रोस्टसोबत मिळणारे यॉर्कशर पुडिंग नावाने पुडिंग असले तरी गोड नसते. मैदा, दूध आणि अंडी यांचे सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ते ओव्हनमध्ये फुगवतात, त्यामुळे ते आईंना चालणार नाही. भाजलेले बटाटेही पुष्कळदा चरबीतलेच असतात.

बाबांच्या बाबतीत अधिक जपा. आपल्या या यॉर्कशर भागात मासे आणि चिप्स (बटाट्याचे तळलेले तुकडे) गाईच्या चरबीत तळण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे. मासा म्हणजे निर्धास्त, असे समजून मी माझ्या सासऱ्यांना तो आग्रहाने खाऊ घातला आणि तळणीचे सत्य मला बिल देताना कळले. ती रुखरुख आजही गेलेली नाही. इथल्या कायद्यानुसार 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, त्यात अंडे येते, परंतु गाईची चरबी येत नाही. म्हणून ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका, ‘तळायला काय वापरता?’ असे स्पष्ट विचारा.

प्रतिसाद (वेकफिल्डहून)
गोडाचे मी सांगते. स्टिकी टॉफी पुडिंग खजुराचे असते आणि मुलांना नक्की आवडेल, पण त्यात अंडी असतात. स्पॉटेड डिक या सुक्या मेव्याच्या वाफवलेल्या पुडिंगमध्ये परंपरेने सुएट, म्हणजे जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालतात, तेव्हा ते दोघांसाठीही टाळा.

आईंसाठी रुबार्ब क्रंबल मागवा, म्हणजे रुबार्बचे आंबट गुलाबी देठ शिजवून त्यावर भुरभुरीत थर दिलेले गोड. आमच्या वेकफिल्ड परिसरात हिवाळ्यात अंधाऱ्या खोल्यांत रुबार्ब वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. 2010 मध्ये या रुबार्बच्या नावाला युरोपीय संघाचा संरक्षित दर्जाही मिळाला. क्रंबलचा थर साधारणपणे मैदा, लोणी आणि साखर एकत्र चोळून केलेला असतो. भांडे टेबलावर येते तेव्हा कडेने गुलाबी पाक खदखदत असतो आणि वरचा थर चमच्याखाली कुरकुरतो. सोबतचे कस्टर्ड ताजे असेल तर त्यात अंडी असणारच, पावडरीचे असेल तर बहुधा नसतात. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये अंड्याची ॲलर्जी असलेल्या पत्नीसाठीच ते बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले होते.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. एका पबला फोन केला: तळण सूर्यफुलाच्या तेलात होते आणि कस्टर्ड पावडरीचे असते. साडेबाराचे टेबल राखले आहे. आईला हे कळवले, तर ती म्हणाली, “मग माझे कस्टर्ड वेगळ्या वाटीत घे, मला ते नुसतेही खायचे आहे.”