लोहाच्या गोळीवरून घरात चार मतं, कुणाचं ऐकू?

सांगलीची_लेक: डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितेय, प्लीज लवकर सांगा. पुण्याच्या डॉक्टरांनी लोहाची न् कॅल्शियमची गोळी दिलीय, माहेरी आले तर इथल्या मॅडम म्हणतात गोळ्यांनी भागणार नाही सलाईनमधून लोह घ्या, सासूबाई रोज फोनवर त्या गोळीनं बाळ काळं होतं म्हणून मागे लागल्यात आणि आई म्हणते खजूर-बीट खा आपोआप वाढेल. पोट साफ होत नाही ते वेगळंच.

निवांत_नाना: कितवा महिना? हिमोग्लोबिन किती? आकड्याशिवाय काय बोलणार.

कोकणकाकू: पपई बिलकुल खाऊ नको हं बाळा. आणि ग्रहण पाळ.

दोन_पिल्लांची_आई: पपईचं विचारलंय कुणी काकू? पिकलेली चालते, भानगड कच्च्या पपईच्या चिकाची असते.

कोकणकाकू: तुम्हाला सगळंच चालतं. आम्ही काय वेड्या होतो का.

सांगलीची_लेक: सातवा लागलाय. ९.४ आहे, आधी ९.६ होतं.

दोन_पिल्लांची_आई: गोळ्या चालू असून उतरलं? घेतेस कधी, कशाबरोबर?

सांगलीची_लेक: उठल्यावर थायरॉइडची, मग चहा-नाश्ता, त्यावर लगेच लोह न् कॅल्शियम एकदम, नाहीतर विसरायला होतं. आणि थायरॉइडची लग्नाआधीपासून चालू आहे, तिचा इथे काय संबंध?

मेडिकलवाला_सातारा: संबंध आहे ताई, तिथंच तर घोळ आहे. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास लोह-कॅल्शियम काहीच नको नाहीतर तीही वाया. थायरॉइड सकाळी सहाला, कॅल्शियम दुपारी जेवताना, लोह चार वाजता लिंबूसरबताबरोबर, चहा त्यानंतर तास-दीड तासाने. कॅल्शियमची दुसरी असेल तर रात्री जेवताना. डॉक्टरांना हे वेळापत्रक दाखवा आणि थायरॉइडची तपासणी शेवटची कधी झाली तेही सांगा.

आयुर्वेदप्रेमी: एवढ्या गोळ्या कशाला? लोखंडी कढईत भाजी करा, अळिवाचे लाडू खा. आमच्याकडे कुणी गोळी खाल्ली नाही.

दोन_पिल्लांची_आई: अळीव बाळंतपणानंतर देतात हो, आधी नाही! कढई वापरा, पण सातव्यात ९.४ असताना नुसत्या कढईच्या भरवशावर बसू नका.

निवांत_नाना: सलाईन म्हणजे बिल वाढवायचे धंदे.

दोन_पिल्लांची_आई: नाना प्लीज. माझ्या बहिणीला दिलं होतं, दिवस थोडे राहिले, गोळ्या पचत नाहीत, मग तेच उरतं. बाळंतपणात रक्त जातं तेव्हा आधीच कमी असलेलं कसं चालेल? फक्त ते दवाखान्यातच घ्यायचं, घरी बोलावून नको. आणि सासूबाईंना सांग, गोळीनं बाळ नाही, शी काळी होते.

सांगलीची_लेक: हे त्यांना फोनवर सांगू? 😂

आशा_कार्यकर्ती: ताई, सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, तुमची खाजगी आहे तर पाकिटावर किती लिहिलंय ते बघा. मळमळ, कडकपणा जास्त असेल तर गोळी बदलून मिळते, बंद करू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, माता-बाल कार्ड घेऊन जा. आणि मुख्य विचारते, डिलिव्हरी कुठे? जिथे होणार त्या डॉक्टरांकडे दोन्हीकडची फाईल द्या, निर्णय त्यांचा.

शुभ_मंगल: डोहाळजेवणासाठी मिरजेत स्वस्त हॉल सुचवेल का कुणी?

सांगलीची_लेक: @आशा_कार्यकर्ती आम्ही इथेच म्हणतोय, पहिलं बाळंतपण माहेरी. पण नवऱ्याने पुण्यात नाव घालून ठेवलंय, डिपॉझिट पण भरलंय. ते परत मिळतं का?