थोरल्या भावाच्या नावे अज्ञानपणी घेतलेली जमीन: बाकीच्या भावंडांना वाटा मिळतो का?

शिवारकर:
बार्शी तालुक्यातली 3 एकर 10 गुंठे जिरायत. वडिलांनी 1989 साली घेतली, पण खरेदीखत थोरल्या मुलाच्या नावे. तो तेव्हा 9 वर्षांचा, म्हणून सातबाऱ्यावर 'अज्ञान, अ.पा.क. वडील' अशी नोंद (अज्ञान म्हणजे अल्पवयीन, अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता). 1994 साली वडिलांनीच पालनकर्ता म्हणून त्यातला 1 एकर विकला, कोर्टाची परवानगी न घेता. 2001 मध्ये अ.पा.क. शेरा निघाला. आई आधीच वारली, वडील 2019 ला गेले. थोरला म्हणतो जमीन माझी एकट्याची. धाकटा भाऊ आणि बहीण म्हणतात पैसा वडिलांचा, तेव्हा तीन वाटे करा. तलाठ्याने वारस नोंदीचा अर्ज परत केला. आता पुढे काय?

जुना फेरफार:
अर्ज परत आला ते बरोबरच झालं. या गटावर वडील मालक म्हणून कधी नव्हतेच, पालनकर्ता होते, आणि पालनकर्त्याचे वारस लागत नाहीत. महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारही वाटप करणार नाहीत, कारण खातेदार एकच आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलात (मुदत 60 दिवस) वेळ घालवू नका. फेरफाराने (म्हणजे सातबाऱ्यावरच्या नोंदीतल्या बदलाने) मालकी ठरत नाही; वाद मालकीचा आहे, तो दिवाणी न्यायालयातच जाणार.

आधी कागद काढा: 1989 आणि 1994 या दोन्ही खरेदीखतांच्या नकला, दोन्ही फेरफार, वडिलांच्या इतर जमिनींचे 1980 पासूनचे सातबारे पीकपाहणीसह, आणि सोसायटीच्या कर्जाचे उतारे.

बांधावरचा वकील:
दाव्यात बाजू कशी मांडता यावर सगळं अवलंबून आहे. 'पैसे वडिलांनी दिले, म्हणून खरे मालक वडील' असं लिहिलंत की बेनामी कायद्याचं कलम 4 आडवं येतं; दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीचा खरा मालक मीच, असा दावा ते करू देत नाही. मुलाच्या नावे खरेदीला स्पष्ट सूट 2016 च्या दुरुस्तीने मिळाली. 1989 ला ती फक्त पत्नी आणि अविवाहित मुलीच्या नावापुरती होती.

टिकणारी बाजू एकच: एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून घेतलेली आणि सगळ्यांच्या हितासाठी एकाच्या नावे ठेवलेली जमीन. पण ते सिद्ध करायचा भार धाकट्यांवर. कुटुंब एकत्र होतं एवढं दाखवून भागत नाही. वडिलोपार्जित जमीन होती आणि तिच्यातून घरखर्च भागून खरेदीपुरती शिल्लक उरत होती, हे दाखवावं लागतं. वडील नोकरीत असतील तर ही बाजू लंगडी पडते. आणखी एक खाच: आजोबांची स्वकष्टार्जित जमीन त्यांच्या मृत्यूनंतर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते. वडिलोपार्जित म्हणून तिचा आधार घेता येत नाही.

जुना फेरफार:
1994 चं खरेदीखत नीट वाचा, माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. 'माझ्या अज्ञान मुलाच्या मालकीची' असं लिहून वडिलांनी सही केली असेल, तर तो त्यांचाच कबुलीजबाब आहे आणि तो धाकट्यांच्या विरुद्ध जातो. उलट 'एकत्र कुटुंबाच्या गरजेसाठी, कर्ता (कुटुंबप्रमुख) या नात्याने' असे शब्द असतील तर तोच कागद धाकट्यांच्या कामी येईल.

शिवारकर:
तो 1 एकर थोरल्याला परत मागता येईल का?

बांधावरचा वकील:
नाही. अल्पवयीनता व पालकत्व कायदा 1956, कलम 8 प्रमाणे परवानगीविना केलेली विक्री आपोआप रद्द होत नाही. मुलाने ती नाकारावी लागते. सज्ञान झाल्यापासून मुदत 3 वर्षं, म्हणजे 1998 ते 2001. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालाप्रमाणे त्यासाठी दावाच लागतो असं नाही, तीच जमीन स्वतः दुसऱ्याला विकणं अशा स्पष्ट कृतीनेही नाकारता येतं. पण तेही मुदतीतच. विक्री काका किंवा मामाने केली असती तर गोष्ट वेगळी, कारण कलम 11 प्रमाणे त्यांना तो अधिकारच नाही.

राहिले 90 गुंठे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वाटा मागायला 12 वर्षं असतात, आपल्याला वगळल्याचं कळल्यापासून. त्यामुळे थोरल्याने नकार कधी दिला ती तारीख कागदावर आणा. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवून लेखी उत्तर घ्या. दावा दाखल होताच दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची (या जमिनीवर दावा चालू आहे अशी) नोटीस नोंदवा. ती राहिली आणि थोरल्याने मधेच जमीन विकली, तर घेणाऱ्यावर निकाल बजावणं अवघड होतं.

जुना फेरफार:
तडजोड जमली तर हक्कसोडपत्राच्या मागे लागू नका. ज्याचा हक्क आधीपासून आहे तोच सोडता येतो, आणि इथे धाकट्यांचा हक्क कागदावर नाहीच. थोरल्याने प्रत्येकी 30 गुंठ्यांचं बक्षीसपत्र करावं, नाहीतर दावा चालू असतानाच तडजोडीचा हुकूमनामा घ्यावा. जिरायतीला 20 गुंठ्यांची तुकडेबंदीची मर्यादा आहे (त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही), त्यामुळे 30 चा वाटा बसतो. हद्दी मात्र मोजणी करून, खुणा रोवूनच कागदात घाला, नाहीतर पुढचा वाद बांधावरून होईल.